अव्वांचा ब्रेक

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठत जातात. एक जुने बोल्ट आणि दुसरे किस्से. दोन्ही कधीतरी लागतील म्हणून टाकवत नाहीत. शिरोली एमआयडीसीच्या कडेला आमचं गॅरेज आहे, तिथं बोल्टांनी गोडेतेलाचा एक अख्खा डबा भरलाय. किश्श्यांचा डबा म्हणजे माझा पार्टनर बबन. मी वायरिंग आणि कॉम्प्युटरचं बघतो, बबन इंजिन आणि उरलेलं सगळं. बोलायचं खातंही त्याच्याकडंच. पण आज तो पाहुण्यांकडं गेलाय, तेव्हा जरा मला बोलू द्या. अप्पांच्या गाडीची गोष्ट तो सांगायला लागला की सगळं त्यानंच केल्यासारखं सांगतो, ते मला अजिबात खपत नाही.

*

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. गडहिंग्लजकडचे अप्पा आमचं जुनं गिऱ्हाईक. ऊस, म्हशी, बाजारात दुकान आणि आवाज असा की माणसानं फोन कानापासून हातभर लांब धरावा. त्यांनी पुण्यातल्या कुणा साहेबाची परदेशी बनावटीची फोर बाय फोर सेकंडहॅन्ड घेतली. शेतातल्या चिखलातनं जाती म्हणून घेतली. एक दिवस ती गाडी दारात आणून लावली, धाडकन दार आपटलं आणि मला म्हणाले, "पावणं, ही गाडी माझं ऐकत न्हाय."

"म्हणजे काय करती?"

"वळणावर आपणच ब्रेक मारती. मी मारत न्हाय. मी ब्रेकला पायच लावत न्हाय."

हे शंभर टक्के खरं होतं. ब्रेक मारणं म्हणजे जाळलेलं डिझेल वाया घालवणं, असं अप्पांचं मत. त्यांच्या आधीच्या जीपचे ब्रेक पॅड बबननं एकदा उघडून बघितले तर दुकानातनं आताच आणल्यासारखे होते.

बबननं त्यांना समजावून सांगितलं. या गाडीत एक यंत्रणा असती. तुम्ही स्टिअरिंग कुठं वळवताय आणि गाडी खरोखर कुठं चाललीय, याच्यावर तिचं सारखं लक्ष. दोन्हीचा मेळ बसला नाही, की ती म्हणणार गाडी घसरली, आणि तुम्हाला न विचारता एकेका चाकाला ब्रेक लावणार. असती ती तुमच्या भल्यासाठीच. तुमची जरा जास्त हळवी झालीय.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे बायकूच म्हणा की."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं अव्वा उतरल्या. अव्वा म्हणजे अप्पांच्या मंडळी. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं राग आला की अर्धी कानडी सुरू. पदर खोचून त्या म्हणाल्या, "मला ही गाडी बेडा." बेडा म्हणजे नको. हा एक शब्द अप्पांमुळं आम्हाला चांगला पाठ झालेला.

आता अडचण काय होती, ते सांगतो. त्यांची एकुलती एक लेक गिरिजा, दिली होती कोकणात, गगनबावड्याचा घाट उतरून खाली. पहिलं बाळंतपण, ते माहेरी करायचं. ऐन पावसाळ्यात पोरीला घाट चढून वर आणायचं होतं. अव्वांनी सांगून टाकलं, "झटके देनाऱ्या गाडीत माझी पोटुशी लेक बसनार न्हाय." आणि अप्पा म्हणाले, "माझी लेक भाड्याच्या गाडीतनं माहेरी येनार न्हाय." दोघांनी एकाच वेळी माझ्याकडं बघितलं. गाडी मी बिघडवल्यासारखं.

*

पहिल्यांदा मला वाटलं, स्टिअरिंगचा सेन्सर चुकलाय. म्हणजे चाकं सरळ असताना त्याला वाटतंय वळलीत. तो पुन्हा शून्यावर आणायचा तर गाडी एकदम सपाट जागेवर उभी करावी लागते. आता आमच्या भागात एकदम सपाट जागा कुठली आणायची? आमच्या गॅरेजची फरशीच अशी की नट खाली पडला तर गडगडत रस्त्यावर जातो.

शेवटी बबनला सुचलं, साखर कारखान्याचा वजनकाटा. त्याच्यासारखं सपाट काही नाही. हंगाम बंद होता, काटेवाला खुर्चीत पेंगत होता. आम्ही गाडी काट्यावर चढवली तसा तो दचकून उठला आणि सवयीनं ओरडला, "माल काय हाय?"

"अप्पा," बबन म्हणाला.

"भरलेली का रिकामी?"

"रिकामी कशी? मी बसलोय की," अप्पा आतनं गरजले.

सेन्सर शून्यावर आला. परत येताना बबन गाडी चालवत होता, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. गाडी लोण्यासारखी चालली. पुढच्या आठवड्यात अप्पा परत दारात. "पुन्हा मारला ब्रेक."

*

मग मी टायर बघितले. डाव्या बाजूचा एक टायर वेगळ्या मापाचा निघाला, तो बदलला. मी आणि बबन पन्हाळ्याच्या रस्त्यानं वर-खाली करून आलो, कुठं काही नाही. अप्पा एकटे चालवत गावी गेले, काही नाही. रविवारी अव्वांना घेऊन लग्नाला गेले, प्रत्येक वळणावर झटका. अव्वांच्या मांडीवरचा आहेराचा डबा उडून काचेवर आपटला. त्यानंतर अव्वा आठवडाभर अप्पांशी कानडीतच बोलत होत्या.

माझं डोकं चालेना. मी कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेब शांत माणूस, एकेक विचारत गेले. वेग किती होता, रस्ता ओला होता का, आणि मग, "गाडीत त्या वेळी पॅसेंजर किती होते?"

शेजारी बसलेले अप्पा भडकलेच. "पॅसेंजर? ही काय वडाप हाय व्हय? माझी घरची गाडी हाय."

साहेबांना वडाप कळेना. बबननं मध्ये पडून सांगितलं की अप्पांना वाटलं तुम्ही त्यांच्या गाडीला सीटमागं भाडं घेणारी जीप म्हणताय. साहेबांनी माफी मागितली आणि प्रश्न सोडून दिला. आम्ही दिवसभर हसत होतो. प्रश्न मात्र साहेबांचा अगदी बरोबर होता, तो आम्ही हसण्यावारी नेला.

*

मधल्या काळात गाडी अप्पांच्या उसात रुतली. चिखलात ही यंत्रणा उलटी नडते. चाक जागेवर फिरलं की तिला वाटतं घसरतंय, मग ती इंजिनाचा जोरच काढून घेते. त्यासाठी ती बंद करायचं बटण दिलेलं असतं. मी फोनवर सांगितलं, "अप्पा, गिअरजवळ बटण आहे, त्याच्यावर गाडीचं चित्र आहे, मागं वाकड्या-तिकड्या दोन रेघा. ते दाबा."

"ते बेवड्याचं?"

"कुठल्या बेवड्याचं?"

"अरे गाडी अशी झोकांड्या खात चाललीया चित्रात. आमच्या घराण्यात कुनी थेंबाला शिवलं न्हाय. मी त्याला हात लावनार न्हाय."

शेवटी त्यांच्याच गड्यानं त्यांचाच जुना ट्रॅक्टर लावून फोर बाय फोर ओढून काढली. भावकी बांधावर उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात त्या बटणाचं नाव बेवडा पडलं, ते आजतागायत आहे.

बबन मला म्हणाला, कायमचं बेवडा दाबून दे आणि मोकळा हो. मी सरळ नाही म्हटलं. घाट, पाऊस आणि गाडीत पोटुशी पोरगी, म्हणजे ज्या दिवशी या यंत्रणेची खरी गरज, त्याच दिवशी ती बंद ठेवायची? मला झोप आली नसती.

*

पाऊस लागला. गिरिजाला आणायचा दिवस जवळ आला. अव्वांनी जावयाला निरोप धाडायची तयारी केली की बाळंतपण तिकडंच करा. हे ऐकल्यावर अप्पा गॅरेजात येऊन स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "लेकीची खोली रंगवून घेतलीया रं."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. चला घाटात."

आजवर एक गोष्ट मी केली नव्हती. अप्पा चालवताना शेजारी मी कधी बसलो नव्हतो. ती का केली नव्हती, हे मला घाटाच्या पहिल्या वळणावर कळलं. अप्पांनी वेग कमी केलाच नाही. समोरनं एसटी, बाजूला दरी, आणि अप्पा मला उसाचा दर समजावून सांगतायत. मी लॅपटॉप छातीशी धरला आणि दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर गच्च दाबले.

गाडीनं झटका दिला आणि ब्रेक मारला.

"बघ," अप्पा आनंदानं म्हणाले, "आपणच मारती का न्हाय?"

पुढच्या वळणावर ट्रक. मी पुन्हा पाय दाबले. पुन्हा झटका. तिसऱ्या वळणाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गाडी कडेला घ्यायला लावली. गाडी उभी, स्टिअरिंग सरळ. मी नुसता पाय आपटला, आणि लॅपटॉपवर आकडा असा उडाला की जणू गाडी गरकन फिरली.

माझ्या पायाखालचं मॅटिंग उचललं. गाडी गिरकी घेतेय का हे ओळखणारी एक डबी तिथं पत्र्याला बसवलेली असते. नवं मॅटिंग टाकताना कुणीतरी तिचे दोन्ही बोल्ट काढले आणि एकच परत लावला. शेजारचा माणूस घाबरून पाय दाबणार, डबी हलणार, गाडीला वाटणार आपण घसरलो, की लागला ब्रेक. बबन चालवताना मी घाबरत नाही. अप्पा एकटे असले की शेजारी कुणी नाही. राहता राहिल्या अव्वा.

अप्पांनी वाकून ती डबी बोटानं हलवून बघितली. मग एवढे हसले की एक एसटीवाला गाडी थांबवून विचारायला लागला, काय झालं म्हणून.

*

गोडेतेलाच्या डब्यातला एक बोल्ट बसला. मी मुद्दाम अप्पांच्या शेजारी बसून घाट उतरलो आणि चढलो, पाय दाबून दाबून पोटऱ्या दुखल्या. गाडी हूं की चूं करेना.

दुसऱ्या दिवशी अव्वा आल्या. अप्पांना राहवेना. इतक्या दिवसांचं ऐकून घेतलेलं सगळं फेडायचं होतं. म्हणाले, "ऐकलंस? गाडीत बिघाड नव्हताच. तुझ्याच पायानं अडत हुती. तू भ्यालीस, पाय दाबलास, की ब्रेक."

आम्हाला वाटलं अव्वा ओशाळतील. अव्वा विचारात पडल्या. "म्हंजे मी पाय दाबला की गाडी थांबत हुती?"

"व्हय."

"माझ्या पायानं?"

"व्हय, व्हय."

"अन आता?"

"आता न्हाय थांबत," अप्पा छाती फुगवून म्हणाले. "ह्या पावण्यानं काढला तुझा ब्रेक."

अव्वा माझ्याकडं वळल्या. "तुमाला कुनी सांगितलं हुतं काढाया? इतकी वर्सं ह्यांच्या शेजारी बसून पाय दाबतोय. देवानं एकदा ऐकलं, तर तुमी काढून ठेवलासा?" आणि सरळ खुर्चीत बसल्या. "मला ही गाडी बेडा. गिरिजालाबी बेडा."

अप्पांचा चेहरा पडला. गाडी नीट झाली होती, खोली रंगवलेली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, आणि बाई उठायला तयार नाही. इथं मात्र बबनला मानलं पाहिजे. हात पुसत पुढं आला आणि म्हणाला, "अव्वा, काढला कुठं? अप्पांना कळलं न्हाय. आधी तुमचा ब्रेक कच्चा हुता, म्हणून झटका द्यायचा. आता पक्का बसवलाय. पाय दाबून बघा, अलगद लागतोय."

अव्वांनी अप्पांकडं बघितलं. "खरं?"

अप्पांनी बबनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "पक्का बसवलाय."

*

दिवाळी झाल्यावर गाडी सर्व्हिसिंगला आली. अंबाबाईचं दर्शन करून सगळे तसेच आले होते. मागच्या सीटवर गिरिजा, तिच्या मांडीवर कुंची घातलेला तीन महिन्यांचा नातू. अव्वा पुढं, आपल्या जागेवर. अप्पा आमच्याशेजारी उभे.

अव्वांनी आतनंच मला हाक मारली. "पावणं, तुमच्या हाताला गुण हाय बगा. घाट चढताना पोरगी झोपून गेली मागं. नुस्ता अंगठा हलवला की गाडी कशी अलगद थांबती. पैल्यासारखा झटका न्हाय, काय न्हाय."

मी बरं बरं म्हटलं. तेवढ्यात बबन चाकाजवळनं उठला. त्याच्या हातात अप्पांच्या गाडीचा ब्रेक पॅड होता. पावसाळ्यात बघितला होता तेव्हा नवा कोरा होता, आता झिजून पार पत्रा लागला होता. त्यानं तो अप्पांसमोर धरला.

अप्पांनी पॅडकडं बघितलं. मग काचेतनं अव्वांच्या पायाकडं बघितलं. तिकडं बघायची त्यांना आता सवयच झालेली दिसत होती.

"चांगल्यातले टाक," ते हळू आवाजात म्हणाले. "मागं नातू बसाया लागल्यापास्नं तिचा पाय लई हलतोय."