माहेरी आलेली रोपं

तळेगावजवळच्या तिच्या औषधी रोपांच्या बागेत माळावरचा वणवा शिरला आणि सगळं जळालं. ही बाई आकुर्डीच्या बाजारात रोपं विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मग आम्ही गिऱ्हाइकांनी तिच्याकडूनच नेलेली तुळस, ओवा, गवती चहा लावायला परत नेऊन दिला. प्रत्येक रोपाला कुरवाळत ती म्हणायची, "आली गं लेक माहेराला."

माझ्या कुंडीपाशी थबकली. तिच्याकडून नेलेला अडुळसा कधीच मेला होता. त्या जागी उगवलेल्या तणालाच मी अडुळसा समजून पाणी घालत होतो, वर त्याचा काढाही पीत होतो.

"भाऊ, ही माझी लेक न्हाई." पदर तोंडाला लावून ती हसली. "जावई आला म्हणायचा. ठेवा मानानं."

आता बाग हिरवी झालीय. झारीतलं पहिलं पाणी अजून त्या कुंडीलाच मिळतं.

"कामाचा न्हाई," ती माझ्याकडे बघत म्हणते, "पण रुसायला नको."