मारेगाव शून्य क्विंटल

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमच्या जिनिंगचं ऑफिस आहे आणि तिथे मला सगळे ‘रिपोर्टवाल्या मॅडम’ म्हणतात. त्या दसऱ्याला मी नवा रिपोर्ट बसवला. प्रत्येक खरेदी केंद्राने रोजच्या कापसाची फाइल पाठवायची, मी सकाळी एक बटण दाबायचं आणि नागपूरला बसलेल्या शेठच्या मोबाइलवर केंद्रवार क्विंटल उमटायचे. पहिल्याच दिवशी पुसद उमटलं, बाकीची केंद्रंही उमटली. मारेगाव मात्र शून्य.

मारेगावचं केंद्र एक काका सांभाळत. वीस वर्षं वहीत लिहिलेला माणूस, कॉम्प्युटरवर आत्ता कुठे आलेला. त्यामुळे चूक कुणाची, हे मी त्यांची फाइल न उघडताच ठरवून टाकलं आणि फोन लावला.

“काका, फाइल पाठवली का?”

“रोज पाठवून राह्यलो ना पोरी! काल तीन गाड्या भरल्या.”

“मग स्क्रीनवर का दिसत नाहीत?”

“आता तुह्या स्क्रीनले कापूस दिसत नाही, त्याले मी काय करू?”

मी त्यांना सेव्ह कसं करायचं ते पुन्हा शिकवलं, जरा चढ्या आवाजातच. ते बिचारे दिवसातून तीनदा फाइल पाठवू लागले. मारेगाव शून्यच.

तिथला कापूस लोहाऱ्याला न येता परस्पर वणीला जायचा, त्यामुळे शेठना दिसायचा तो फक्त माझा आकडा. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला, “मारेगावात दम नाही. सोमवारी वजनकाटा उचला, केंद्र बंद करा आणि काकांना लोहाऱ्याला बोलावून घ्या.” काकांचं घर, शेत, काकूंचं दुखणं, सगळं मारेगावात. दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी मारेगाव गाठलं.

काट्यापाशी कापसाच्या दोन गाड्या उभ्याच होत्या. काकांनी चहा सांगितला, चष्मा लावला आणि फाइल उघडली. आकडे एकाखाली एक, नीटनेटके. फक्त पहिल्या ओळीत, मधोमध, हळदीच्या रंगाच्या चौकोनात ‘श्री’ लिहिलेलं.

“हे काय, काका?”

“काय म्हंजे? नव्या वहीत पयली ओळ देवाची ऱ्हायते. मधोमध ल्याहा लागते, म्हणून मधल्या रकान्यात घेतलं.”

मधला रकाना क्विंटलचा होता. आणि वेळ वाचावा म्हणून मीच सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं होतं की, रकान्याची पहिली ओळ बघ. तिथे शब्द असेल तर तो रकाना शब्दांचा समज, मग त्याखाली आकडे असले तरी सोडून दे. त्या शहाण्याने श्री वाचलं आणि खालचा सगळा कापूस सोडून दिला. सहा दिवस मी इंटरनेटपासून काकांच्या चष्म्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय!

“काढू का मंग त्याले?” काकांचा आवाज एकदम बारीक झाला. बोट बटणावर गेलंसुद्धा होतं.

“नका काढू. चूक माझी आहे.” हे एवढं बोलायला मला अर्धा कप चहा लागला.

लॅपटॉप उघडून मी सेटिंग बदललं: पहिल्या ओळीत काहीही असो, हा रकाना आकड्यांचाच. बटण दाबलं, तर मारेगाव थेट पुसदच्या खालोखाल! शेठना फोन करून खरं ते सांगितलं. काटा राहू द्या म्हणाले. मला जे म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या दसऱ्याला काकांची नवी फाइल आली. आकडे होते, पण पहिली ओळ कोरी होती. मला फार वाईट वाटलं. मीच मधल्या रकान्यात श्री लिहिलं, हळदीचा रंग भरला, बटण दाबलं. मारेगावचे सगळे क्विंटल आले. ती फाइल मी काकांना परत पाठवली.

थोड्या वेळाने त्यांचा फोन. “दिसलं का मारेगाव?”

“दिसलं, काका. श्रीसकट दिसलं.”

काका म्हणाले, “आता कसं बरं वाटलं! औंदा देवापेक्षा मले तुह्या मशिनचंच भेव वाटून राह्यलं होतं.”