पाठ धरणाऱ्याचा खांदा

त्या सकाळी मी देवाशी भांडलो. अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये, बंबाच्या चाकाला टेकून, अगदी मोठ्यानं भांडलो. माणूस एकदा चिडला की देवघरापर्यंत जायचीही वाट पाहत नाही. मी मुळातच तापट. आग विझवायची नोकरी नेमकी यालाच कशी मिळाली, असं आमच्या घरी सगळे हसून म्हणतात. पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. आमचे किसनभाऊ गेले होते, आणि मला त्यांच्या मातीला जाता येत नव्हतं.

किसनभाऊ आमच्या तालुक्याच्या ठाण्यातले सगळ्यात जुने फायरमन. साप्ताहिक सुट्टीला रिद्धपूरच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी गेले होते. सकाळी उठले, बायकोला चहा मागितला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. छातीनं दगा दिला. ते दुष्काळाचे, नापिकीचे दिवस होते. कुठे कोणी अचानक गेला की लोक आधी आवाज खाली करून विचारायचे, "काय झालं होतं?" आणि त्या प्रश्नात आणखी एक प्रश्न असायचा. किसनभाऊंच्या बाबतीतही दोघातिघांनी तसं विचारलं, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो.

आमच्या नोकरीत माणूस ड्युटीवर गेला तर त्याला सलामी मिळते, फुलांचं चक्र येतं, बंबावरून शेवटची यात्रा निघते. सुट्टीवर गेला तर फळ्यावर खडूनं नाव लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुसतात. यात कोणाचा दोष नाही, नियमच तसा. पण हा नियम किसनभाऊंना फार लागायचा. पूर्वी आमचा एक सहकारी सुट्टीत सासुरवाडीला असताना काविळीनं वारला होता. तेव्हा किसनभाऊ सगळ्यांना म्हणाले होते, "सरकारची सलामी नाई त नाई. आपून आपली देऊ. ज्यानं त्याची पाठ धरली, त्याचाच पयला खांदा. त्याच्याबिगर तिरडी उचलाची नाई." तेव्हापासून आमच्या ठाण्याची ती रीत झाली.

पाठ धरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बंबाचा पाइप पाण्यानं भरला की तो जिवंत होतो. पुढे तोटी धरणारा एकटा असेल तर पाण्याचा जोर त्याला उचलून फेकतो. म्हणून त्याच्या मागे दुसरा उभा राहतो, पाइप काखेत घेतो आणि आपला खांदा पुढच्याच्या पाठीला लावतो. पुढच्यानं मागे वळून पाहायचं नसतं. इतकी वर्षं तोटी किसनभाऊंच्या हातात होती आणि त्यांच्या पाठीला खांदा माझा होता. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठच मला जास्त ओळखीची होती. म्हणजे पहिला खांदा माझाच, आणि मीच अडकून पडलेलो.

रजा मागितली तर साहेबांनी हात जोडले. ते म्हणाले, "उन्हाळ्याचे दिवस आहेत, एक माणूस आधीच कमी झाला, दुसऱ्या पाळीची पोरं मातीला निघून गेली. गाडीवर तू आणि रफिकभाई, दोघंच उरले. तुला कसा सोडू?" त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून राग आणखी वाढला. रफिकभाई आमचे ड्रायव्हर, पंपही तेच सांभाळायचे. त्यांनी मला पाण्याचा लोटा दिला आणि म्हणाले, "पी ले भाई. डोक्शावर घेऊन काय होते?" मी पाणी प्यायलो नाही. मी वर शेडच्या पत्र्याकडे पाहून म्हणालो, "हा माणूस दर सुट्टीला तुझ्या रिद्धपूरच्या ओट्यावर डोकं टेकवायला यायचा. त्याच्यासाठी तुला एवढंसुद्धा करवत नाही? मला तिकडे ने, एवढंच."

मी स्वतः महानुभाव पंथाचा नाही. किसनभाऊ होते. त्यांच्याबरोबर कधीमधी रिद्धपूरला, त्यांच्या पंथाच्या तीर्थाला, गेलो की मीही तिथल्या ओट्यावर डोकं टेकवायचो, पण पाहुण्यासारखा. त्यांच्या पंथात देहाला अग्नी देत नाहीत, भूमीत ठेवतात. ते गमतीनं म्हणायचे, "जलमभर आगीच्या मांगं लागलो, आता मेल्यावर तरी तिचं तोंड पाहाचं नाई मले." ते आठवून मला सारखं भरून येत होतं.

जेवणाच्या सुमारास वर्दी आली. नदीकाठच्या एका खेड्यात कडब्याच्या गंज्या पेटल्या होत्या. किसनभाऊंच्या गावाला जायचं तर तिठ्यावरून उजवीकडे वळायचं. रफिकभाईंनी गाडी डावीकडे घातली. मी खिडकीतून उजव्या रस्त्याकडे पाहत राहिलो. माझी प्रार्थना ऐकून देवानं मला मुद्दाम उलट्या दिशेला पाठवलं, असंच मला वाटलं. त्याच्याशी पुन्हा बोलायचं नाही, असं मी ठरवूनही टाकलं.

गावात पोचलो तर एक गंजी पूर्ण गेली होती आणि दुसरी पेटत होती. तिच्या पलीकडे गोठा, आणि गोठ्याला लागून घरांची रांग. त्या वर्षी चाऱ्याअभावी लोकांनी बैल बाजारात काढले होते. ज्यांनी ठेवले होते त्यांचा जीव त्या कडब्यात होता. बाया हंड्यानं पाणी फेकत होत्या, माणसं गुरं सोडत होती. मी पाइप ओढत पुढे धावलो, तोटी हातात घेतली, आणि तेव्हा लक्षात आलं की मागे कोणी नाही. रफिकभाई पंपावर. गावातल्या कोणाला हाक मारावी तर त्या गलक्यात कोणाला ऐकू येणार? पाणी आलं. पहिल्याच झटक्याला माझा पाय सरकला, गुडघा टेकला, तोटी आभाळाकडे उडाली.

आणि त्याच वेळी कोणीतरी माझ्या पाठीला खांदा लावला.

मी जसं घडलं तसंच सांगतो. खांदा नेमका जिथे लावायला हवा तिथेच लागला होता. मागचा पाइप काखेत घेतला गेला, वजन हलकं झालं, मी उठून उभा राहिलो. पुढे सरकलो की तो सरकत होता, थांबलो की थांबत होता. मागे पाहायचं नाही ही सवय हाडात मुरलेली, म्हणून मी पाहिलं नाही. गोठ्याची भिंत भिजवली, मग गंजीच्या बुडाशी शिरलो. धुरानं डोळे जळत होते, पण मनात कसलीच भीती नव्हती. इतकं शांत मला आगीसमोर आधी कधी वाटलं नव्हतं. गोठा वाचला, घरं वाचली. रफिकभाईंनी पाणी बंद केलं तशी पाठ मोकळी झाली, आणि मी वळलो. मागे दहा-बारा माणसं होती, सगळी काळवंडलेली, सगळी ओली. "पाठ कोणी धरली होती?" मी विचारलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येक जण म्हणे, मी नाही, मी तर गुरं सोडत होतो. रफिकभाई पंपाजवळून म्हणाले, "होता ना एक जन. मी पायलं. धुरात तोंड नाई दिसलं." त्या धावपळीत गावातलाच कोणी पुढे आला असेल आणि भांबावून त्यालाही आठवत नसेल. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही.

आता टाकी कोरडी पडली होती. रिकामी गाडी ठाण्यात आणायची नाही, हा आमचा कडक नियम, आणि तो सगळ्यात कडकपणे पाळणारे किसनभाऊच. पण पाणी भरायचं कुठे? त्या गावच्या विहिरीनं तळ गाठलेला, वर भारनियमन. एक म्हातारी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बावा, आता लाइन नदीपल्याडच्या गावात असते. तिथल्या हिरीले पानी हाय. सडकीनं नोका जाऊ, लय फेरा पडते. नदी सुकली हाय, पांदनीनं उतरा." तिनं गावाचं नाव घेतलं. ते किसनभाऊंचं गाव होतं.

रफिकभाई माझ्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी गाडी शेतातल्या पांदणीत घातली. एरवी भरलेला बंब त्या वाळूत रुतला असता. पण टाकी रिकामी होती म्हणून गाडी हलकी होती. कोरड्या नदीतून ती डुलत डुलत पलीकडे चढली. ज्या वर्दीला मी मघापासून शिव्या देत होतो, तीच मला इथे घेऊन आली होती, आणि एकही नियम न मोडता.

किसनभाऊंच्या दारात अजून सगळे बसलेले होते. उन्हानं काळी जमीन दगडासारखी झाली होती, त्यामुळे खड्डा खणायला फार वेळ लागला. आता तोही झाला होता आणि भावकी घाई करत होती. पण किसनभाऊंची बायको तिरडीचा बांबू धरून बसली होती. बंब दाराशी थांबला, आणि मी चिखल-काजळी अंगावर घेऊन खाली उतरलो. तिनं मला पाहिलं आणि दिराला म्हणाली, "आला पाहा. मी मनलं होतं ना, थो येते. आता उचला."

मला रडू आवरलं नाही. "वहिनी, मी आलो नाही हो, मला आणलं," एवढंच तोंडातून आलं. पहिला खांदा मी दिला. इतकी वर्षं ज्यांच्या पाठीला खांदा लावला, त्यांचं सगळं वजन त्या दिवशी खांद्यावर आलं आणि ते मला जड झालं नाही. लोक "दंडवत प्रणाम" म्हणत वाट करून देत होते. माती देऊन झाल्यावर आधीच विहिरीवर गाडी भरायला लावून आलेले रफिकभाई गाडीच्या पाण्याची बादली घेऊन पुढे आले आणि तिथल्या वडीलधाऱ्यांना म्हणाले, "आमच्यात मातीवर पानी शिंपडतात. चालन का?" एक म्हातारे बुवा म्हणाले, "शिंपा भाऊ. तुमच्या गाडीचं पानी हाय, त्याले ओळखीचं हाय." रफिकभाईंनी हातानं पाणी शिंपडलं. त्या तापलेल्या मातीतून वाफ निघाली. भोंगा वाजवायला बंदी होती, तो आम्ही वाजवला नाही. पण त्या शिंपलेल्या पाण्याहून मोठी सलामी मी आजवर पाहिलेली नाही.

पुढे या सगळ्याचा मी पुष्कळ विचार केला. माझी इच्छा पुरी व्हावी म्हणून कोणा गरिबाची गंजी जळली, असं मी कधीच म्हणणार नाही. तसला देव मला नको, आणि किसनभाऊंनाही चालला नसता. आम्ही ठाण्यातल्या सगळ्यांनी मिळून त्या गावाला गाडीभर कडबा पोचवला, पण त्यानं माझ्या मनातला प्रश्न मिटला नाही. मला एवढंच कळलं की डावीकडचा रस्ता कुठे जातो, हे डावीकडे वळताना मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना मी जे काम समोर होतं ते केलं, बाकीचं कोणीतरी सांभाळलं. ते कोण, हे माझ्यापुरतं मला माहीत आहे आणि मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

आता तोटी माझ्या हातात असते. सुट्टीच्या दिवशी मी रिद्धपूरला जातो, ओट्यावर डोकं टेकवतो. पूर्वी जाताना मागण्यांची भली मोठी यादी असायची. मागच्या खेपेला मी तिथून उठलो तेव्हा शेजारी बसलेल्या एका बाईनं विचारलं, "लय येळ टेकलं होतं डोकं. काय मांगतलं जी?"

"काई नाई, माय," मी म्हणालो. "हजर हाओ, येवढंच सांगतलं."