सचिवांच्या घरचं वाचन

जेवायला वाढता वाढता वत्सलाकाकू कादंबरी सांगायच्या. भाकरीबरोबर एक प्रकरण, भाताबरोबर दुसरं. काका ताटावर मान घालून जेवत असायचे आणि काकू दाराच्या चौकटीला टेकून, हातात वरणाचं पातेलं धरून नायिकेचं ठरलेलं लग्न मोडायच्या. काकांना वरण हवं असलं तरी ते मध्ये बोलत नसत. मी शेजारची मुलगी. अभ्यासाच्या नावाखाली त्यांच्या ओसरीवर जायचं आणि कान स्वयंपाकघराकडे लावून बसायचं, हा माझा रोजचा उद्योग होता.

काका ताडकळसच्या आमच्या वाचनालयाचे सचिव. सचिव म्हणजे कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, सत्काराचा नारळ त्यांच्याकडे आणि संध्याकाळी वाचनालयासमोरच्या पारावर बसून पुस्तकांवर बोलायचं कामही त्यांच्याकडेच. बोलायचे मात्र फार छान. हा माणूस वाचतो तरी कधी, याचं लोकांना नवल वाटायचं. ते वाचत नव्हतेच. आदल्या दिवशी ताटावर जे ऐकलं ते दुसऱ्या दिवशी पारावर सांगायचे, एवढंच. हे काकूंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पाराला ठाऊक नव्हतं.

आणि त्याच काकूंनी ते वाचनालय आतून कधी पाहिलेलं नव्हतं. घरापासून हाकेच्या अंतरावर होतं ते. पण पारावर गावातली वडीलधारी माणसं बसत आणि त्यांच्या घरच्या सुना, मोठ्या झालेल्या मुली पारासमोरून जात नसत. बाजाराला जायचं तरी मागच्या बोळातून, वळसा घालून. हा नियम कुणी घातला ते कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे तो मोडायचा तर कुणाला विचारून, हेही कळत नव्हतं. "पुस्तक येतं, मी जात न्हाई," असं काकू म्हणायच्या, तेही पाहुणे येतात म्हणावं तितक्या सहज.

काका आठवड्याला एक पुस्तक आणत. कोणतं वाचून झालं हे लक्षात ठेवायला नको, म्हणून कपाटात ओळीनं जे पुढचं असेल ते. त्यामुळे द्राक्षाच्या छाटणीवरचं पुस्तकही काकूंनी इमानदारीनं वाचलं. "छाटणी येती मला आता," त्या म्हणाल्या. "द्राक्षं कुठं लावू, चुलीवर?" एका जाड कादंबरीचा दुसरा भाग घरी आला, तेव्हा पहिला भाग वाचनालयात नव्हताच. काकूंनी तो आपल्या मनानं रचला, काकांनी पारावर सांगितला आणि लोकांना दुसऱ्यापेक्षा पहिलाच जास्त आवडला. लेखकानं शेवट घाईघाईनं उरकलेला असला की काकू पुस्तक मिटून म्हणायच्या, "ह्याला कुठली तरी यष्टी धरायची व्हती जणू."

एकदा मी विचारलं, "काकू, तुमाला तिथं जावं वाटत न्हाई का?"

त्या गहू निवडत होत्या. हात काही थांबला नाही. "लय वाटतं गं. त्या कपाटापुढं उभं ऱ्हावं, हे नको, ते बी नको म्हणावं, अन् मंग आपल्या हातानं एक काढावं. नको म्हणायलाच भेटलं न्हाई मला कधी."

मला हे काही मोठं मागणं वाटलं नाही. मी रोज शाळा सुटल्यावर तेच तर करत होते.

सातवी संपली आणि माझंही ते संपलं. "आता पारावरून जायचं न्हाई, मोठी झालीस," असं वडिलांनी सांगितलं. मी रडले, जेवायची नाही म्हणाले. आईनं समजूत घातली, "अगं, काका देतील की आणून तुला पुस्तक." म्हणजे आता मीही, जे येईल ते वाचायचं, जन्मभर! मी पळत काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी जवळ घेतलं नाही, धीराचे शब्द नाहीत, काही नाही. नुसतं "बरं" म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

त्या दिवसापासून काकूंनी वाचायचं बंद केलं. काकांनी आणलेली एका डॉक्टरची कादंबरी अर्धी वाचून देवळीत तशीच पडलेली. काकांनी वरण मागितलं, वरण मिळालं. त्यांनी वाट पाहिली आणि शेवटी विचारलं, "त्या डाक्टरचं पुढं काय झालं?"

"वाचलं न्हाई."

"कामून?"

"शेजारच्या पोरीला वाचनालयात जाऊ देईनात. ती जाईल तवा वाचीन."

"तिच्या बापाचा सवाल हाय तो. मी काय करू त्याला?"

"तुमी सचिव हायत," काकू म्हणाल्या आणि ताटात भात वाढला.

काकांनी काही दिवस पारावर जुन्याच कादंबऱ्या फिरवून फिरवून सांगितल्या. मग त्या डॉक्टरला स्वतःच्या हिमतीवर पुढं न्यायला निघाले. तो बिचारा एकाच आठवड्यात दोनदा मेला. पारावरची माणसं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे आले, चहा घेतला, कापसाचं बोलले, आणि उठता उठता वडिलांना म्हणाले, "पोरीला येऊ द्या वाचनालयात. मी असतोय तिथं. माझी जिम्मेदारी." खुद्द सचिव दारात आल्यावर वडील काय बोलणार? त्याच दुपारी काकूंनी देवळीतलं पुस्तक काढलं.

पुढे मी शिकले, परभणीत नोकरीला लागले. एकदा न राहवून त्यांना विचारलं, "काकू, तवाच सोतासाठी बी का न्हाई मागितलं?"

"दोन मागितले असते तर एक बी भेटलं नसतं," त्या म्हणाल्या. हे उत्तर त्यांच्याकडे किती वर्षं तयार होतं कोण जाणे. मला फार वाईट वाटलं.

काका वारले. त्यानंतर, काकू जाण्याच्या आदल्या वर्षी, मी रजा टाकून मुद्दाम गावी गेले. "चला काकू, आज जाऊच," म्हटलं. त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. आम्ही बोळ सोडून समोरच्या रस्त्यानं निघालो. त्यांनी माझा हात धरला होता.

पारावर काकांच्या बरोबरीची चार म्हातारी माणसं होती, बाकी मोबाईलमध्ये बोटं घालून बसलेली पोरं. काकूंना पाहताच सगळे उठून उभे राहिले. पोरांनी मोबाईल खिशात घातले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. "वैनी, तुमी कामून तरास घेतला? निरोप द्यायचा की. सचिवांच्या घरी पुस्तक पोचवणार न्हाई का आमी?" आणि त्यांनी वाचनालयाकडे तोंड करून हाक मारली, "वैनींसाठी दोन चांगली पुस्तकं आणा हो!"

वाचनालयाचं दार सताड उघडं होतं. आतली कपाटं दिसत होती, अगदी पुस्तकांच्या पाठीसुद्धा. मी काकूंचा हात ओढला. त्या हलल्या नाहीत. तेवढ्यात ग्रंथपाल लगबगीनं दोन पुस्तकं घेऊन बाहेर आले. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुस्तकं दोन्ही हातांनी घेतली, "लय उपकार झाले" म्हणाल्या आणि मागे वळल्या.

मला राग आवरेना. घराच्या वळणावर मी जवळजवळ ओरडलेच, "काकू, दार उघडं व्हतं! कुणी अडवलं व्हतं तुमाला?"

"कुणीच न्हाई," त्या म्हणाल्या. थोडं चालून झाल्यावर दम घ्यायला थांबल्या आणि पुस्तकं पोटाशी धरून म्हणाल्या, "अडवलं असतं तर गेले असते गं मी."