तोंड वर करून

"पोरं तोंड वर करून बोलायला लागलीत, बाई!" हेडमास्तर नागरिकशास्त्राच्या बाईंवर कडाडले, ते दाराबाहेर झाडू मारणाऱ्या मावशींनी ऐकलं. शाळेच्या नळाला पाणी का नाही, हे विचारायला बाईंनी वर्ग थेट नगरपालिकेत नेला होता.

"मग काय, जमिनीकडे बघून विचारायचं?"

"पुन्हा न्या खुशाल. पण तिथं तुम्ही अवाक्षर काढलंत, तर हे कायमचं बंद!"

बाईंना गप्प बसवायची आशा त्यांच्या नवऱ्यानेसुद्धा कधीच सोडली होती. तरी पोरांसाठी त्यांनी अट मानली. पुढच्या खेपेला पोरं त-त-प-प करून परतली. बाई बाहेर नुसत्या रुमाल चावत राहिल्या. त्यानंतर मात्र कोणी काय विचारायचं ते पोरांनी आपसांत ठरवलं, पुन्हा जाऊन विचारलं, आणि नळाला पाणी आलं. हेडमास्तर बदलून गेले, तरी बाईंनी अट मोडली नाही.

निवृत्तीच्या दिवशीही त्या वर्ग घेऊन गेल्या, रस्त्यावरच्या बंद दिव्यासाठी. सोबत आलेल्या मावशी म्हणाल्या, "आज तरी बोला की हो!"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आतून एका पोरीचा आवाज आला, "साहेब, जरा तोंड वर करून बोला ना, ऐकू येत नाही."

बाई नेहमीसारख्या पोरांची दप्तरं सांभाळत बाहेर उभ्या राहिल्या.