दुपारचा भाव

"पडते!" असं म्हणून भाऊ उजवा तळहात पालथा करायचे आणि हळूच खाली न्यायचे. मगच खुर्चीत बसायचे.

अमरावतीला एका शेअर दलालाच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर लोकांचे सौदे टाकायचो. हे भाऊ पहाटे बाजारात फुलं विकायचे आणि सव्वानऊला झेंडूचा वास घेऊन आमच्याकडे हजर. त्यांचा नाद एकच, शॉर्ट सेलिंग. जवळ नसलेला शेअर सकाळी विकायचा, भाव पडला की दुपारी स्वस्तात घेऊन सौदा पुरा करायचा. मधला फरक आपला. भाव चढला, तर मात्र महागात घेऊन खिशातून भरायचं.

"भाऊ, एखादा शेअर चढेल म्हणून घेऊन तर बघा," मी म्हणायचो.

"सकायचा झेंडू दुपारी कोनी जास्त पैशानं घेते काय? चाळीस वर्सं पाहून राहिलो मी. दुपारी सगळंच उतरते."

बाजार कोसळला की ऑफिसात सुतक. हे मात्र सगळ्यांना चहा मागवायचे. बिस्किटं फक्त हरलेल्यांना.

त्यांची मुलगी नांदगाव पेठेच्या एका कापड कंपनीत सुपरवायझर होती. एका सकाळी त्यांनी नेमका त्याच कंपनीचा शेअर विकायला लावला.

"अहो, पोरगी आहे ना तिथं!"

"म्हनूनच त. घरी तिले सुई सापडत नाही. ते कंपनी काय टिकते!"

शेअर चढू लागला. अकराला मी म्हटलं, "घेऊन टाका, थोडक्यात सुटाल."

"पडते."

तुम्हीही पाहिलं असेल, नफा दिसला की माणूस दहा मिनिटांत पळतो, आणि तोट्यापाशी मात्र ठाण मांडून बसतो. बारा वाजले, एक वाजला. दीडला टीव्हीवर बातमी आली : कंपनीला परदेशातून मोठी ऑर्डर. शेअर उसळला. भाऊंनी उपरण्यानं घाम पुसला.

तेवढ्यात मुलीचा फोन. त्यांचा स्पीकर कायम चालूच.

"बाबा, बातमी पाह्यली काय? ते ऑर्डर आमच्याच खात्याच्या कापडाची! सायबानं मले पूर्ण खात्याची इन्चार्ज केलं!"

भाऊ स्क्रीनकडे बघत राहिले. "बाई, हे अजून चढन काय वं?"

"चढन ना! तुमी काहून विचारून राहिले?"

"काही नाही. चढू दे."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "घेऊन टाका आता. पोरीच्या वाईटाची वाट पाहत बसलो मी सकायपासून."

दोन महिन्यांची फुलं त्या एका सौद्यात गेली. आणि त्यांनी पेढे मागवले. तोटा बुक करून पेढे वाटणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. पुढं एकदा कामगारांचे डीमॅटचे फॉर्म भरून घ्यायला मी त्या कंपनीत गेलो, तेव्हा दिसले. मुलगी त्यांना आपलं खातं दाखवायला नेत होती. मोठ्या दारापाशी भाऊ थांबले आणि चपला काढू लागले.

"बाबा, राहू द्या. इथं सगळे घालूनच जातेत."

त्यांनी ऐकलं नाही. चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि तिच्या मागं अनवाणी आत गेले.