रबरी बटणांखालची अक्षता

आमच्या घरात चाळीसेक वर्षं एक भांडण चालू होतं. रांगोळीचा प्रोग्राम कुणी लिहिला? बाबा म्हणायचे, मी. आई म्हणायची, मी.

भांडणाचं मूळ म्हणजे एक छोटा काळा संगणक. वहीएवढा, रबरी बटणांचा. बाबांच्या आतेभावाने तो विलायतेहून आणला होता. टीव्हीला जोडून चालवायचा आणि लिहिलेला प्रोग्राम गाण्याच्या कॅसेटवर साठवायचा. त्यावर आमच्या घरात एक प्रोग्राम तयार झाला. किती ठिपके हवेत ते विचारायचा आणि तेवढ्या ठिपक्यांची रांगोळी पडद्यावर काढायचा. पाहुणे आले की बाबा पोह्यांबरोबर ही गोष्ट वाढत. "पुण्यात लोकांनी संगणक पाहिलाही नव्हता, तेव्हा मी त्यावर रांगोळी काढली होती!" आतून आईचा आवाज येई, "मी काढली होती." पाहुणे हसत. मीही हसत असे. बाबा वीज खात्यात इंजिनिअर, आई घरी शिवणाचे क्लास घेणारी, आणि मी पुढे इंजिनिअरच झाले. मी कुणाच्या बाजूने होते, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी आईबाबा पुण्याचं घर आवरून माझ्याकडे बेंगळुरूला, येलहंक्यात राहायला आले. सामानात तो संगणक निघाला आणि एका डब्यात ती कॅसेटही. कॅसेटवर बाबांच्या अक्षरात "रांगोळी" असं लिहिलेलं. बाबांनी तो पुरावा म्हणून लगेच माझ्या नाकासमोर धरला. आई म्हणाली, "अक्षर कव्हरावर तुमचं आहे. आत काय आहे ते बघू. लाव गं हा, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे." मग जरा थांबून म्हणाली, "मी आहे तोवर एकदा तरी या घरात कुणीतरी माझं खरं मानावं." म्हणाली हसतच, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

ऑफिसातल्या एकाकडून जुना डबा टीव्ही आणला आणि संगणक जोडला. चालू झाला! आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. पण मी बटणाला हात लावायच्या आतच पडद्यावर एकच अक्षर आपोआप उमटू लागलं. एक ओळ, दोन ओळी, निम्मा पडदा. दुसरं कुठलंही बटण दाबलं तरी उपयोग होईना. कीबोर्ड बिघडलेला, म्हणजे कॅसेट लावायचा हुकूम देता येणार नाही, म्हणजे भांडण होतं तिथेच.

मी म्हटलं, त्यात काय, उघडते. खाली पाच स्क्रू, वर झाकण. झाकण आणि आतल्या पाटीला जोडणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या दोन शेपट्या असतात, आणि इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या झालेल्या असतात, हे मला झाकण ओढल्यावर कळलं. कट्ट. दोन्ही तुटल्या. आधी एक बटण चिकटलेलं होतं, आता चाळीसही मेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आई उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवून चहा टाकायला गेली, आणि मला रडायलाच आलं. माझ्या घाईने मी तिचा एकुलता एक साक्षीदार मारला होता.

पण बेंगळुरूत एक बरं आहे, इथे कशाचाही माणूस मिळतो. पीण्या भागात, लहान कारखान्यांच्या गल्ल्यांत एक अण्णा सापडले. मूळचे निपाणीचे. कारखान्यांतल्या यंत्रांवर जी दाबायची प्लास्टिकची पॅनल्स असतात, त्यांच्या आतले पातळ पडदे ते छापतात. त्या पडद्याला ते मेंब्रेन म्हणतात. संगणक हातात घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला.

"अक्का, हे तर आमचंच काम हाय की! दोन प्लास्टिक, मधी चांदीच्या रेघा. नवीन छापून देतो. स्वल्प टाइम द्या." त्यांनी रबरी बटणांची चादर अलगद उचलली आणि थांबले. मग चिमट्याने काहीतरी उचलून तळहातावर ठेवलं. "हे बघा. ह्यो तुमचा चोर. अक्षता!"

कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा. चादर आणि पडदा यांच्यामध्ये अडकून तो एक बटण कायमचं दाबून बसला होता. आजूबाजूला हळदीची बारीक पूडही होती.

मी तिथूनच घरी फोन लावला, स्पीकरवर. आई म्हणाली, "अगं बाई! दर खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचे मी त्याला. गेला असेल एखादा दाणा आत."

मागून बाबा गरजले, "आता बोला! ज्याला प्रोग्राम लिहिता येतो तो कीबोर्डवर तांदूळ टाकेल का? निकाल लागला!"

खरं सांगते, मलाही वाटलं, निकाल लागला. मी फोन ठेवला आणि दाणा कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये टाकला.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, अण्णा नवा पडदा घेऊन स्वतःच घरी आले. मेंब्रेन चालतं का बघायचं होतं म्हणे, पण भांडणाचा शेवट ऐकायचा होता हे उघड होतं. त्यांनी नव्या शेपट्या लहान बाळाला अंगडं चढवावं तशा हळू बसवल्या. मी अ पासून ज्ञ पर्यंत म्हणावं तसं एकेक बटण दाबत गेले, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर अक्षर आलं. चाळीसच्या चाळीस! मी अण्णांचा हात धरून नाचायचीच बाकी होते.

कॅसेट लावली. किर्रर्र आवाज सुरू झाला. पहिल्यांदा मध्येच बंद पडली. टेपचं हेड स्पिरिटने पुसून पुन्हा लावली आणि पडद्यावर प्रश्न आला, ठिपके किती? आई पुढे झाली आणि अकरा दाबलं. रेघ रेघ करत रांगोळी उमटू लागली. बाबा उभे राहिले. "बघा अण्णा! ही माझी रांगोळी!"

मी प्रोग्राम थांबवला आणि तो कसा लिहिलाय ते पडद्यावर आणलं. त्या संगणकात 'रेम' या शब्दाने सुरू होणारी ओळ म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेलं टिपण. संगणक ती वाचत नाही, सोडून पुढे जातो. या प्रोग्रामात अशा खूप ओळी होत्या. इंग्रजी अक्षरांत मराठी. मी मोठ्याने वाचू लागले.

"रेम, कुकरच्या दोन शिट्या झाल्या." 

"रेम, कोपऱ्यात वळण काज करतो तसं." 

"रेम, क्लासच्या बायका आल्या. इथून पुढे उद्या." 

"रेम, दूध उतू गेलं. परत मोजणे."

अण्णा हसून हसून खाली बसले. बाबांना कुकरची शिटी कशासाठी वाजते हे आजही नीट ठाऊक नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सगळ्या ओळी स्वतः वाचल्या. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "सुरुवातीचे ठिपके मी टाकले होते. पुढचं मी संध्याकाळी येऊन फक्त बघायचो, नाही का?"

"हो," आई म्हणाली. "आणि कॅसेटवर नाव घालायचात."

"मग अगं, तांदूळ का टाकायचीस त्यावर?"

"खंडेनवमीला माणूस काय पुजतो? आपलं हत्यार. तुम्ही स्कूटर पुजायचात. मी शिलाई मशीन पुजायचे आणि हा पुजायचे. तुम्ही कधी लावलंत याला कुंकू?"

"सरी, अम्मा, सरी! बरोबर हाय!" अण्णा म्हणाले.

मला लाज वाटली. ती अक्षता आठ दिवस माझ्या पर्समध्ये होती आणि ती आईच्या बाजूची साक्ष आहे हे मला दिसलं नव्हतं. मी आईची माफी मागितली, चांगली मोठ्याने. ती म्हणाली, "बरं बरं, आता अण्णांना उप्पीट दे."

यंदाच्या खंडेनवमीला खाली रिक्षांना केळीचे खांब बांधले होते आणि रस्त्यात कोहळे फुटत होते. बाबांनी सकाळीच संगणक पुसून पाटावर ठेवला, तबक तयार केलं आणि आईच्या हातात दिलं.

"हत्यार तुझं. पूजा तूच कर. फक्त अक्षता तेवढ्या..."

"कळतं मला," आई म्हणाली. तिने संगणकाच्या कडेला कुंकवाचं एक बोट लावलं आणि मूठभर अक्षता बाबांच्या डोक्यावर टाकल्या.